डभोई ते वढवाणा: भातशेती बघायला एक दिवस

बडोद्याहून केवडियाला निघालेल्या गाड्या डभोईला वळसा घालून सुसाट पुढे जातात. २०१८ मध्ये सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला, तेव्हापासून या वाटेवरची वर्दळ फार वाढली आहे. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी भातशेती आहे ती निवांत बघायची असेल, तर फार वर्षं थांबू नका असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

आम्ही दिवाळीनंतर गेलो, भाताची कापणी जोरात चालली होती तेव्हा. सोबत दांडिया बाजारातली माझी आत्या होती. तिने नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्या, काळात हा सगळा मुलूख खिडकीत बसून पाहिलेला आहे. अंधार असतानाच निघालो आणि तुम्हीही तसंच निघा, कारण उन्हं चढली की वढवाण्याच्या तलावावरचे पक्षी पाण्याच्या मध्यावर जाऊन बसतात आणि कापणीवरची माणसंही सावलीला जातात.

कपुराई चौकडी ओलांडली की शेतं लागतात असं मनात धरून बसलं तर आता निराशा होते. केळणपूरच्या पुढेपर्यंत गोदामं, पार्टी प्लॉट आणि फार्महाऊस योजनांचे फलक आहेत. एका ठिकाणी कुंपणाच्या भिंतीआड गुडघाभर गवत माजलं होतं आणि त्या गवताखालून जुने बांध अजून स्पष्ट दिसत होते. चौकोनी खाचरं, मधली पाण्याची मोरी, सगळं जागच्या जागी. फक्त पीक नव्हतं. आत्या बराच वेळ तिकडे बघत राहिली.

भिलापूरला ढाढर नदीच्या पुलाअलीकडे दोन मिनिटं थांबा. १ एप्रिल १७३१ ला याच परिसरात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली आणि दाभाडे पडले. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे संस्थापक पिलाजीराव दाभाड्यांच्या बाजूने होते. बडोद्याच्या मराठी घरांतल्या मुलांना ही जागा दाखवायलाच हवी.

डभोईत हिरा भागोळ पाहून घ्या, तासभर पुरतो. तेराव्या शतकातलं कोरीव काम आहे आणि सकाळचं ऊन पूर्वेकडच्या या दरवाज्यावर सुरेख पडतं. स्टेशनाचं मात्र सांगितलंच पाहिजे. मियागाम–डभोई ही देशातली पहिली नॅरोगेज, १८६२ ची, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीतली, आणि सुरुवातीला तिचे डबे बैल ओढत. आता मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. २०२१ पासून केवडियापर्यंत थेट रेल्वे आहे, त्यामुळे गाडी नसेल तर बडोद्यातल्या प्रतापनगर स्टेशनाहून डभोईपर्यंत रेल्वेने येता येतं. पुढे रिक्षा किंवा जीप ठरवावी लागते, आणि परतीचंही आधीच बोलून घ्या. तलावापाशी वाहन मिळेल या भरवशावर राहू नका.

वढवाणा बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर. हा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० च्या सुमारास, शेतीला पाणी द्यायला बांधला. ओरसंग नदीवर जोजवा इथे बंधारा आहे, तिथून कालव्याने पाणी येऊन तलाव भरतो आणि ते पुढे खालच्या गावांच्या शेतात उतरतं. २०२१ मध्ये त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून लोक याला पक्ष्यांचं ठिकाण म्हणून ओळखतात. पण बांधावर उभं राहून एकदा पाण्याकडे पाठ करा आणि शेतांकडे बघा. पक्षी इथे का येतात त्याचं निम्मं उत्तर त्या बाजूला आहे. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. विश्रांतीला त्यांना पाणी लागतं, पण चरायला खळ्याबाहेर सांडलेलं धान्य, कापलेल्या भाताचे फुटवे, कोवळं गवत लागतं. आमच्या डोक्यावरून एक थवा शेतातून तलावाकडे आला आणि इतका खाली होता की पंखांचा आवाज ऐकू आला.

बांधाखाली एक शेतकरी काका कापणीवर होते. विचारून आत गेलो. त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि दाणा दाढेखाली धरला. कट्‌ असा आवाज आला. "हा झाला. दबला असता तर अजून दोन दिवस ठेवला असता," ते म्हणाले. शेजारच्या शेतात मात्र पंजाबकडून आलेलं हार्वेस्टर चालू होतं. मजूर मिळत नाहीत, पूर्वी लावणी-कापणीला पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, आता ती शहरात बांधकामावर जातात, असं काकांनी सांगितलं. यंत्राने काम लवकर उरकतं, पण पेंढा तुकडे होऊन पसरतो आणि म्हशींसाठी नीट गोळा करता येत नाही. म्हणून त्यांनी अर्धं शेत हाताने कापायचं ठरवलं होतं. या वर्षी तरी.

पुढे काय, हे विचारल्यावर ते कपाशी आणि केळीबद्दल बोलले, आणि जमिनीच्या दलालांबद्दल. त्यांना दोष देण्याचा मला काहीच अधिकार नाही. पण वढवाण्याभोवती प्लॉट पडले तर तलाव तेवढा राखून हंस येत राहतील असं मानणं चुकीचं आहे, हे मी ठासून सांगेन. संरक्षण द्यायचं तर ते भात पिकवणाऱ्यालाही पोचलं पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी: पक्षी बघायचे तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, पिवळं शेत बघायचं तर ऑक्टोबर, लावणी बघायची तर जुलै. जुलैत आतल्या रस्त्यांवर चिखल असतो, तेव्हा चारचाकी बांधाजवळ नेऊ नका. दुर्बीण स्वतःची असू द्या, कपडे मातकट रंगाचे घाला, खाणंपिणं डभोईतून बांधून घ्या आणि कचरा परत आणा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. शेताच्या बांधावरून चालण्याआधी विचारा, भातात साप असतात. आणि रविवार टाळता आला तर टाळा.

काकांकडे घरचा तांदूळ होता, आम्ही थोडा विकत घेतला. तुम्हीही मागा, लोक देतात. तो नवा असतो, म्हणून शिजवताना पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर भात गिचका होतो. मऊ गुरगुट्या भाताला मात्र याच्याइतका चांगला तांदूळ नाही.