मापाचा ब्लाउज

दुसरा शनिवार, रात्री

बँकेला सुट्टी, म्हणून सकाळीच मास्टरांकडे गेले. दोन ब्लाउज टाकायचे होते. पिशवीत नेहमीचा ऐवज: कापड, अस्तर आणि मापाचा ब्लाउज. हा मापाचा म्हणजे धाकट्या नणंदेच्या लग्नात शिवलेला जांभळा, २००८ सालचा. तो अंगात घालून युगं लोटली, पण मुलुंडच्या या दुकानात त्याच्या जितक्या फेऱ्या झाल्यात तितक्या माझ्या माहेरीही झाल्या नसतील.

मास्टरांनी तो उलटा केला, बगलेतली शिवण अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "ताई, यात आता माया नाही उरली."

मला हसू फुटलं. त्यांना कळेना, यात हसण्यासारखं काय. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणायचं हे ज्या कुणाला सुचलं, तो शिंपी पोरीबाळींचा बाप असणार. माझ्या जांभळ्याची माया एकदा २०१३ मध्ये सोडवली, उरलेली लॉकडाउननंतर. आता नुसत्या जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी दिसतात.

"मग इतके दिवस कसे शिवत होतात?"

"यावरून बेतायचं, आणि तुमच्याकडे बघून थोडं वाढवायचं."

म्हणजे इतकी वर्षं माझे ब्लाउज बत्तिशीतल्या एका बाईच्या मापाने बेतले जातायत, आणि वर अंदाजाने थोडी मी. दंडाला काच पडतो, लोकलची कडी धरायला हात वर केला की हूक आ वासतात, हे सगळं मी दंडांच्या नावावर मांडत आले होते. येत्या मार्चमध्ये पन्नास पूर्ण होतील. जांभळा मात्र बत्तिशीचाच.

मास्टरांनी गळ्यातली टेप काढली. पोरगा वही घेऊन बसला. मशीनच्या घरघराटात हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मास्टर आकडे ओरडून सांगतात. उंची १५. खांदा १४. छाती ४०. कंबर ३६. दंडघेर १४. बाकावर दोघीजणी थांबल्या होत्या. कंबरेला एकीने मोबाइलमधून मान वर केली. मला वाटलं होतं धरणी दुभंगावी असं होईल. तसं काही झालं नाही. कंबरेच्या आकड्याला जरा घसा कोरडा पडला, एवढंच.

"बाही? आहे तेवढीच?"

आहे तेवढी म्हणजे ६ इंच, जांभळ्याइतकी. "कोपरापर्यंत," मी म्हटलं. हे मी कधी ठरवलं होतं कुणास ठाऊक. तोंडातून मात्र असं निघालं की जणू कित्येक वर्षं जिभेवर तयार होतं.

रविवार

कपाट उपसलं. नोकरीची सवय, आधी मोजदाद. साड्या ५८. आमच्याकडे ९० दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादित. हा नियम कपाटाला लावला तर बँक आजच बुडाली, म्हणून स्वतःला वर्षभराची सवलत दिली. तरी ४१ साड्या अनुत्पादित निघाल्या. बऱ्याचशा आहेराच्या. काही 'सेलमध्ये छान मिळाली'वाल्या. दोन वहिनीला नको झालेल्या. आणि एक मोरपंखी शिफॉन. ती मी कुठल्याशा दुसऱ्याच बाईसाठी घेतली होती. ती बाई संध्याकाळी समुद्रावरच्या पार्ट्यांना जाते. माझी तिची अजून गाठ पडलेली नाही.

उरलेल्या १७ पलंगावर मांडल्या आणि चक्रावले. सगळ्या एका घरातल्या बहिणींसारख्या. सुती, बहुतेक हातमागाच्या, अंगाचा रंग गडद, काठ बोटभर, जर नाही. विटकरी तीन, तपकिरी दोन, एक मोहरी, एक काळं इरकल, त्याचा तेवढा लालभडक रेशमी पदर. आवडता रंग कुणी विचारला की मी शाळेपासून 'निळा' म्हणत आलेय. पलंगावर निळी एकही नव्हती.

सुतीचं कारण उघड आहे. दोन वर्षं झाली, अंगातून गरम वाफा निघतात, कधीही. सकाळच्या फास्टला घाटकोपरला आणखी बायका आत लोटल्या जातात, नेमकी तेव्हाच वाफ येते, मानेपासून कानापर्यंत. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, तो तिथेच साचतो आणि भायखळ्यापर्यंत कपडा पाठीला चिकटलेला राहतो. सूत निदान ओलं होतं आणि वाळतं. त्यामुळे निवड मी केली असं म्हणणं खोटं ठरेल. अंगाने केली, मला आज कळवलं.

आजी आठवली. तिची नऊवारी लुगडी, एक अंगावर, एक दांडीवर. (यात साधेपणाचं कौतुक करायला मी जरा बिचकते. तिसरं लुगडं मिळालं असतं तर तिने नको म्हटलं नसतं.) पण तिने जन्मात कुणाला माप दिलं नाही. लुगड्याला मापच नसतं, आणि चोळी खणाची, पुढे गाठ मारायची. बाळंतपणात गाठ सैल, आजारपणात घट्ट. हूक आले आणि आपली पंचाईत झाली. साडी बिचारी सगळं पोटात घालते. हिशेब ठेवतो तो ब्लाउज.

मंगळवार

डब्यात विषय काढला तर दोन पक्ष पडले. एक 'आता कोणासाठी नटायचं' आणि दुसरा 'वय हा फक्त आकडा असतो'. मला दोन्हींचा सारखाच कंटाळा. पहिल्या पक्षाला वाटतं बाई कुणासाठी तरीच नटते. दुसऱ्याचं म्हणणं, ४९ ला २९ सारखं दिसता आलं तर जिंकलात. आकडा फक्त आकडा नसतो हो, मास्टरांनी तो भर दुकानात ओरडून सांगितलाय.

नवरात्रात सगळं सोपं असतं. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, अख्खा डबा एका रंगाचा. काय घालू हा प्रश्नच नाही. ते नऊ दिवस मला फार हलकं वाटतं. हलकं वाटायचं कारण आज कळलं आणि जरा वाईट वाटलं. उरलेले ३५६ दिवसही मी असाच कुणाचा तरी रंग घालत होते, फक्त तो पेपरात छापून येत नव्हता.

केस रंगवणं बंद करून सहा महिने झाले. डोकं खाजायला लागलं होतं म्हणून. त्यात बंडबिंड काही नाही.

चौथा शनिवार

मंगळदास मार्केट. रविवारी बंद असतं, म्हणून सुट्टीचा शनिवार गाठावा लागतो. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत गेले. आतल्या गल्ल्यांत छताखाली कापडाचा तो कोरा, खळीचा वास. कितीही वेळा गेलं तरी मी तिथे वाट चुकते आणि चुकून जिथे पोचते तिथेच खरेदी होते.

पूर्वी मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा पदर पिशवीतून काढून, ट्यूबलाइटखाली रंग वेगळा दिसतो म्हणून दारात उजेडाला धरून, टू बाय टूच्या, म्हणजे ब्लाउजच्या साध्या एकरंगी कापडाच्या, चाळीस छटांतून एक शोधायची. दुकानदार म्हणायचा 'एकदम सेम', घरी आल्यावर एक घर फिका. त्या शोधात आयुष्याचे किती तास गेले ते मोजत नाही. या वेळी साडी नेलीच नाही. सतराही साड्या डोक्यात होत्या. तीन कापडं घेतली: अजरक छापाचं एक, बारीक चौकडीचं हातमागाचं एक आणि गुळेदगुड्डचा हिरवा खण, आजीच्या चोळीसारखा. विक्रेता म्हणाला, "किस साडी का है?" मी म्हटलं, सबका. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि चौकडीचं १० सेंटिमीटर जास्त फाडून दिलं. कोपरापर्यंत बाही लागणार हे त्याला न सांगता कळलं असावं, किंवा दंड बघून.

येताना मास्टरांकडे गेले. पहिले दोन तयार होते, एकच आठवडा उशिरा, म्हणजे वेळेतच. पडद्यामागे घालून बघितले. दोन्ही हात वर केले. काही ताणलं नाही. पुन्हा वर केले. बाहेरून मास्टर म्हणाले, "ताई, झालं का?"

"मास्टर, माया किती ठेवलीय?"

"दोन्हीकडे दीड-दीड इंच."

तिन्ही कापडं टाकली आणि जांभळा परत मागितला. मास्टर जरा ओशाळले. पोराने त्या ब्लाउजने मशीनचं तेल पुसलं होतं, चार दिवस झाले. राहू दे म्हटलं. नवे मंगळवारी देतो म्हणालेत. म्हणजे शुक्रवार धरू.