सुपर मिटिऑर की व्हल्कन: नागपुरात क्रूझर निवडताना

साडेसहाशे सीसीची क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून निवांत चालवायची लांब पल्ल्याची मोटारसायकल, घ्यायची हे घरात एकदाचे मान्य झाले, तेव्हा माझ्यापुढे दोनच नावे उरली होती: रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० आणि कावासाकीची व्हल्कन एस. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांचा विचार किमतीपाशीच थांबला, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही. या दोघींवर मात्र मी पुष्कळ वाचले, पुष्कळ विचारले आणि दोन्ही गाड्या स्वतः चालवून पाहिल्या. सुपर मिटिऑर शोरूममधून मिळाली आणि व्हल्कन एका परिचिताने मोठ्या मनाने हातात दिली. मित्रांच्या बैठकीत दोन्ही बाजूंचे वकील होते आणि प्रत्येकाचा युक्तिवाद कागदावरच्या आकड्यांपासून सुरू होत असे, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

एक इंजिन ६४८ सीसीचे, दुसरे ६४९ चे. दोन्हींत दोन सिलिंडर शेजारी शेजारी, दोन्हींना सहा गिअर, दोन्हींना चेन. सुपर मिटिऑरची ताकद ४७ पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ५२.३ न्यूटन मीटर आहे, तर व्हल्कनची ताकद ६१ पीएस आणि टॉर्क बासष्टच्या आसपास. वजन अनुक्रमे २४१ आणि २३५ किलो. म्हणजे व्हल्कन थोडी हलकी आणि चांगलीच जोरदार. त्याचे कारण तिच्या घराण्यात आहे. तिचे इंजिन निंजा ६५० या धावऱ्या गाडीचे असून क्रूझरसाठी त्याला इंजिनाच्या दर मिनिटाच्या खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत अधिक जोर देण्यात आला आहे. सुपर मिटिऑर जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली आणि तिचे इंजिन २०१८ च्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीपासून चालत आलेले आहे. त्याला स्वतंत्र पाणी-रेडिएटर नाही, ते हवा आणि तेल यांनीच थंड होते.

चौदा पीएसचा हा फरक लहान नाही, आणि तो नाकारण्यात अर्थही नाही. प्रश्न एवढाच की नागपुरात राहणाऱ्या माणसाने तो कुठे वापरावा. आपल्या शहराच्या दाराशी, शिवमडक्याला, देशातल्या सर्वांत सरळ आणि मोकळ्या रस्त्यांपैकी एक सुरू होतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, सहा पदरी, सिग्नल नाही, चौक नाही. पाय पुढे टाकून, पाठ सैल सोडून तासन्‌तास एका वेगाने जाण्यासाठीच क्रूझर नावाचा प्रकार जन्माला आला, आणि त्या वाहनाला याहून योग्य रस्ता विदर्भात दुसरा नाही. परंतु समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय मला पटतो, तरीही वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना समृद्धीची पाटी दिसली की मनात थोडे चुकचुकते. मग आपल्यासाठी उरतो तो मनसरवरून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, अमरावती-परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट, उमरेडकडचा रस्ता, आणि आठवड्याचे पाच-सहा दिवस शहरातले धरमपेठ ते बर्डी ते सदर. यांतल्या पहिल्या रस्त्यावर व्हल्कन ट्रकला ओलांडताना जी सहजता दाखवते ती सुपर मिटिऑरला दाखवता येत नाही, तिला एक गिअर खाली यावे लागते. बाकीच्या तिन्ही ठिकाणी मला तो फरक जाणवला नाही.

जाणवला तो इंजिनाच्या स्वभावातला फरक. सुपर मिटिऑरच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याची, रचना २७० अंशांची आहे, म्हणजे एका सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट झाल्यावर दुसऱ्यामध्ये तो २७० अंशांनी होतो आणि मग ४५० अंशांची विश्रांती येते. त्यामुळे आवाजात एक अडखळती लय येते, जी मोठ्या व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात असलेल्या) इंजिनांत ऐकू येते. व्हल्कनची रचना १८० अंशांची असल्याने तिचा आवाज गुळगुळीत, काहीसा शिलाईयंत्राच्या जवळ जाणारा, आणि तिची खरी मजा फेरे वाढल्यावर. शंकरनगर चौकातून लक्ष्मीभुवनकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये नुसता क्लच सोडून सरकत राहायचे असते, तिथे मला सुपर मिटिऑर अधिक समजूतदार वाटली. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिचा ऐंशी टक्के टॉर्क २५०० फेऱ्यांपासूनच मिळतो, आणि या एका दाव्याची खात्री करायला शोरूमची चक्कर पुरेशी आहे.

आता बसण्याविषयी. या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण क्रूझर घेणारे बहुतेक लोक तो गृहीत धरतात. माझी उंची पाच फूट पाच इंच. व्हल्कनची सीट जमिनीपासून ७०५ मिलिमीटरवर आहे, सुपर मिटिऑरची ७४० वर. दोन्हींवर माझे दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात, पण व्हल्कनवर गुडघेही सैल वाकलेले राहतात, आणि अडीच क्विंटलच्या आसपासचे धूड चढावर मागे ढकलताना तो सैलपणाच कामी येतो. शिवाय तिचे फूटरेस्ट तीन जागी बसवता येतात. मधली जागा धरून सुमारे इंचभर पुढे किंवा इंचभर मागे. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे अंतरही आपल्या बोटांप्रमाणे कमी-जास्त होते. आखूड बोटांच्या आणि आखूड पायांच्या माणसाचा विचार इतक्या आस्थेने करणारी मोठी गाडी मी दुसरी पाहिली नाही, आणि ही गोष्ट मी व्हल्कनच्या बाजूने ठळक अक्षरांत मांडतो.

पाय पुढे गेले की एक अडचण मात्र दोन्हींकडे सारखीच येते. साध्या मोटारसायकलवर खड्डा दिसला की आपण फूटरेस्टवर जोर देऊन बूड किंचित उचलतो, म्हणजे धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय शरीराच्या पुढे असल्याने उठता येत नाही, सगळा भार माकडहाडावर असतो आणि शॉकअपने जे गिळले नाही ते सरळ कण्याला मिळते. म्हणून मागच्या शॉकअपचा प्रवास किती, म्हणजे तो किती दबू शकतो, हा आकडा मी पीएसच्या आकड्याआधी पाहायला सांगेन. सुपर मिटिऑरचा तो १०१ मिलिमीटर आहे, व्हल्कनचा ८०. दोन्ही कमीच, पण नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यांवर हे वीस मिलिमीटर मोजून घेण्यासारखे आहेत. आपले सिमेंट रस्ते दुरून आरशासारखे दिसतात, मात्र त्यांच्या दोन पाट्यांमधल्या सांध्यांवरून चाळीसच्या वेगाने गेले की एका तालात धक्के बसत राहतात, आणि सिमेंट संपून कडेचे गट्टू सुरू होतात तिथे उंचीतला फरक कधीकधी बोटभर असतो. अशा कडेवर सुपर मिटिऑरचे पुढचे १९ इंची चाक व्हल्कनच्या १८ इंचीपेक्षा शांतपणे चढते.

गतिरोधकांचाही हिशोब इथेच सांगतो. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची सुपर मिटिऑरची १३५ आणि व्हल्कनची १३० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण व्हल्कनच्या दोन चाकांतले अंतर १५७५ मिलिमीटर आहे आणि सुपर मिटिऑरचे १५००. चाके जितकी दूर, तितके मधले पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यता अधिक. वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या हाताने घातलेले जे गतिरोधक असतात, ज्यांना कोणतेही माप लागू नाही, तिथे मागे माणूस बसलेला असताना दोन्ही गाड्या तिरक्या घ्याव्या लागतील. व्हल्कन जरा जास्त तिरकी. महाल किंवा इतवारीच्या गल्लीत गाडी वळवायची वेळ आली तर लांबीतले हे अंतर पुन्हा आठवते.

उन्हाळ्याचा मुद्दा मी एका जुन्या मेकॅनिकपाशी काढला. पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत व्हल्कनसारखे पाण्याने थंड होणारे इंजिन बरे की सुपर मिटिऑरसारखे हवेने, असे विचारल्यावर हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "कंपनीचा आकडा सोडा न भाऊ. मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात सिग्नलले उभे राहून पाहा, मंग मले सांगा." उत्तर वाकडे असले तरी त्यात शास्त्र आहे. पाण्याने थंड होणारे कोणतेही इंजिन गाडी थांबली की स्वतःला वाचवण्यासाठी पंखा सुरू करते आणि रेडिएटरमधून निघालेली गरम हवा चालवणाऱ्याच्या नडग्यांवर येते. इंजिन सुखात, माणूस त्रासात. हवा-तेलाच्या इंजिनाकडे तेलासाठी एक छोटा कूलर असतो, पण त्याची मुख्य भिस्त वाहत्या वाऱ्यावर असते. थांबलेल्या गाडीला वारा मिळत नाही, त्यात बाहेरची हवाच पंचेचाळीसची असली की उष्णता टाकायला जागा कमी उरते. तिथे माणसाला थोडे बरे वाटते आणि इंजिन तापत जाते. सिग्नलवर एकच मिनिट थांबायचे असेल तर मला दुसरा प्रकार सोसवेल. तासभर रहदारीत अडकायचे असेल तर पहिला प्रकारच शहाणपणाचा. पण नागपुरात तासभर अडकण्याची वेळ अजून तरी क्वचितच येते, आणि मे महिन्यात दुपारी बारा ते पाच गाडी घराबाहेर काढायची असेल तर मी स्कूटर काढीन. मला वाटते दोन्ही गाड्यांचे मालक हेच करत असतील. म्हणून हा मुद्दा मी बरोबरीत सोडवला, जरी बैठकीत यावरच सर्वाधिक आवाज चढले.

ब्रेक दोन्हींचे उत्तम, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्हींना. टाकी सुपर मिटिऑरची १५.७ लिटर आणि व्हल्कनची १४ लिटर, म्हणजे चिखलदऱ्याला जाताना अमरावतीला पेट्रोल भरून घेतले की चिंता नाही. रंगाविषयी मत देत नाही.

मागची सीट हा विषय माझ्या यादीत खाली होता, पण पत्नीने तो वर आणला. परिचिताच्या अंगणात व्हल्कन उभी होती. तिने गाडीला एक फेरी मारली, मागच्या सीटवर तळहात ठेवून वीतभर माप घेतले आणि विचारले, "अहो, ही सीट आहे की पाट?" चालवणाऱ्यासाठी इतकी आस्था दाखवणाऱ्या गाडीत मागे बसणाऱ्यासाठी आखूड, उताराची गादी आहे आणि टेकायला काही नाही. बाहेरून बॅकरेस्ट बसवता येते, हे मी सांगितले, तेव्हा परिचितांच्या पत्नी चहा देता देता शांतपणे म्हणाल्या की त्या रामटेकपर्यंत बसतात, पुढे नाही. सुपर मिटिऑरचा सेलेस्टियल हा प्रकार मोठी काच, रुंद सीट आणि मागे बॅकरेस्टसह कारखान्यातूनच येतो. शोरूममध्ये पत्नी त्यावर बसली, पाठ टेकवली आणि उतरण्याची घाई केली नाही. मला वाटते निवड तिथेच झाली होती, पुढची तुलना मी स्वतःच्या समाधानासाठी चालू ठेवली.

पैशाचा भाग थोडक्यात. सुपर मिटिऑरची शोरूम किंमत चार लाखांच्या घरात फिरते आणि व्हल्कनची तिच्या पावणेदोन-दोन पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा, पूर्वी सेससह ३१ टक्के होता तो, ४० टक्के झाला. हा फटका टक्क्यांत दोघींना सारखा असला तरी रुपयांत मोठ्या किमतीला मोठा बसतो. त्यावर आरटीओचा एकरकमी कर आणि विमा हेही किमतीच्या प्रमाणातच वाढतात, म्हणून शोरूमची किंमत नव्हे तर ऑन-रोड किमतीचा कागद हातात घेऊन बसावे. पुढच्या दहा वर्षांचा विचार केला तर रॉयल एनफिल्डचे हे इंजिन आता इतक्या गाड्यांत आहे की क्लचप्लेटसाठी कुणाची विनवणी करावी लागणार नाही. वर उल्लेखलेल्या मेकॅनिकनेही या इंजिनाला हात लावायला लगेच होकार दिला, व्हल्कनचे नाव काढल्यावर मात्र आधी फोटो दाखवायला सांगितले.

एकट्याने फिरणारा, उंचीने बेताचा, ट्रकच्या रांगा ओलांडून सिवनी-जबलपूरकडे वारंवार जाणारा कुणी मला विचारील, आणि त्याच्या खिशाला तो फरक पेलत असेल, तर मी त्याला आजही व्हल्कन सुचवीन. ती अधिक जोरदार आहे आणि चालवणाऱ्याच्या अंगाला ती अधिक बेताने बसते. मी सेलेस्टियल नोंदवली आहे. सोबत लेगगार्ड सांगितला आहे, कारण इतक्या वजनाची गाडी उभ्या उभ्या कलंडली तर टाकीला पोचा पडण्याआधी तोच आडवा येतो. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असते आणि तोवर इंजिन ताणायचे नसते. ते किलोमीटर मनसर, रामटेक, खिंडसी अशा सकाळच्या फेऱ्यांत, परतताना तर्री-पोहे खात, पुरे करायचे असे ठरले आहे. मागच्या सीटचे आरक्षण आधीच झालेले आहे.