स्लिपर ऑर्किडचं मिश्रण आणि पाणी: माझा अनुभव

स्लिपर ऑर्किड (चपलेच्या टोकासारखी पिशवी असलेल्या फुलाचं ऑर्किड) घरात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी किती दिवसांनी घालायचं? मीही जाणकारांना तोच विचारला. एकाने सांगितलं आठवड्यातून एकदा, दुसऱ्याने सांगितलं एक दिवसाआड, आणि गंमत म्हणजे दोघांचीही झाडं तुकतुकीत. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. एक दिवसाआड पाणी घालणाऱ्याच्या कुंडीत झाडाची जाड साल आणि लाव्हा दगडाचे खडे होते, आठवडावाल्याच्या कुंडीत निम्मं मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ. म्हणजे कुंडीत काय भरलंय हे कळल्याशिवाय ‘किती दिवसांनी’ याला उत्तरच नाही. तेव्हा पाण्याचा विषय बाजूला ठेवून मी आधी मातीऐवजी कुंडीत भरायच्या मिश्रणाच्या मागे लागले.

माझं झाड पॅफिओपेडिलम (थोडक्यात पॅफ) या स्लिपर गटातलं संकरित, चितकबऱ्या पानांचं. डेन्ड्रोबियम किंवा कॅटलिया या ऑर्किडांकडे फुगीर खोडं असतात, त्यात पाण्याची शिल्लक असते. पॅफकडे ती सोय नाही. जे काही आहे ते पानांत आणि मोजक्या मुळांत. यातल्या बहुतेक जाती झाडांवर नाही तर जंगलात जमिनीवरच्या पालापाचोळ्यात किंवा खडकांच्या भेगांत वाढतात. व्हिलोसमसारख्या काही झाडावर चढतात खऱ्या, पण तिथेही शेवाळ आणि पाचोळा साचलेली जागा त्यांना लागते. केरळात अगस्त्यमलईच्या बाजूला सापडणारी ड्रुरी ही जात तर खडकाळ, गवताळ उतारांवर असते. सगळीकडे गोष्ट एकच: ओल कायम, पण पाणी तुंबत नाही आणि मुळांना हवा मिळत राहते. मिश्रणाकडून मागायचं ते एवढंच.

जुन्या कुंडीतून झाड काढलं ते फूल गळून गेल्यावर, नवा फुटवा दिसायला लागला तेव्हा. वरची साल कोरडी खडखडीत होती आणि मधोमध, बुंध्याच्या बरोबर खाली, मॉसचा घट्ट गोळा चिंब ओला. रोप लहान असताना ज्या गोळ्यात लावलेलं असतं तो तसाच ठेवून बाहेरून साल भरलेली. वरून बोट लावणाऱ्याला झाड तहानलेलं वाटणार आणि आत मुळं गुदमरणार. तो गोळा चिमट्याने अगदी सावकाश सोडवला, कारण पॅफची मुळं कमी असतात आणि चटकन मोडतात. ती दिसतात तपकिरी आणि केसाळ, त्यामुळे नवख्याला सगळीच मेलेली वाटतात. रंगावर जाऊ नये, दाबून बघावं. जिवंत मूळ बोटात टणक लागतं, टोकाशी पांढुरकं असतं. मेलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. असे दोरे कापले, बाकीच्यांना हात लावला नाही. मिश्रणाचा वासही घेऊन बघावा. चांगल्या मिश्रणाला ओल्या मातीचा वास येतो, कुजलेल्याला आंबूस.

आता काय भरायचं? मॉस मी मुद्दाम टाळलं. ते वाईट नाही, पण माझा हात पाण्याला सढळ आहे आणि सढळ हाताला मॉस परवडत नाही. ज्यांना आठ-आठ दिवस वेळ होत नाही त्यांनी खुशाल थोडं वापरावं. नारळाच्या सोडणाचे तुकडे हा चांगला पर्याय आहे, ते सालीपेक्षा उशिरा कुजतात. मात्र त्यांत मीठ मुरलेलं असतं, त्यामुळे अनेक वेळा पाणी बदलून भिजवावे लागतात, आणि ओलही जास्त धरतात. शेवटी मी साधी वाट धरली: पाइन किंवा फर जातीच्या झाडाची 6 ते 12 मिलिमीटरची साल, जाड परलाईट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि कोळशाचे बारीक खडे. मापाने सालीच्या सहा वाट्या, परलाईटच्या दोन, कोळशाची एक.

वाटीच्या हिशोबापेक्षा चाळणीला जास्त महत्त्व आहे. पिशवीतल्या सालीत तळाशी भुगा असतोच आणि तो नेमका खड्यांमधल्या पोकळीत जाऊन बसतो. मी सगळं चाळून घेतलं. परलाईट आधी पाण्याने ओलं केलं, कारण त्याची धूळ नाकात जाणं बरं नाही. नवीन साल पाणी ओढत नाही, अंगावरून ओघळून जाऊ देते, म्हणून ती रात्रभर भिजत ठेवली. सकाळी बरेच तुकडे तळाशी गेले होते. जे अजून तरंगत होते ते आणखी एक दिवस ठेवले.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्या घालायची पद्धत मी सोडून दिली आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही, दोन्हींच्या सीमेवर अडून राहतं. म्हणजे चिंब थर जातच नाही, उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडी लहानच घेतली, मुळं बसून भोवती बोटभर जागा राहील एवढी. मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळतच नाही. मातीच्या कुंडीपेक्षा पारदर्शक प्लास्टिक बरं वाटलं: क्षार मुरत नाहीत आणि आत किती ओल आहे ते भिंतीवरच्या थेंबांवरून कळतं.

लावताना खोलीकडे लक्ष द्यावं लागतं. पॅफची नवी मुळं नव्या फुटव्याच्या बुडातून येतात. ते बूड हवेत उघडं राहिलं तर मूळ कोरड्यातच थांबतं. फार खोल गेलं तर बुंधा कुजतो. म्हणून बूड मिश्रणाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम सेंटीमीटरभर ठेवलं. झाड डगमगत होतं, तर एक काडी रोवून बांधलं, कारण हलत्या झाडाची कोवळी मूळटोकं घासून जातात.

आणि आता पाणी. वेळापत्रक मी केलंच नाही. कुंडी उचलून वजन बघते. पाणी घातल्यावर निथळलेली कुंडी किती जड लागते आणि दोन दिवसांनी किती, हे हाताला पटकन कळायला लागतं. शंका आली तर बांबूची काडी मिश्रणात खुपसून थोड्या वेळाने काढायची. ती ओलसर गार लागली तर थांबायचं. अगदी कोरडी निघेपर्यंत मात्र वाट बघायची नाही, पॅफला ठणठणीत कोरडं चालत नाही. घालताना चमचा-चमचा नाही. तळातून धो-धो वाहीपर्यंत घालते, पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा, मग बशीतलं पाणी ओतून टाकते. पाणी सकाळीच, आणि पानांच्या बेचक्यात थेंब साचले तर कागदाच्या टोकाने टिपून घेते. तिथे रात्रभर पाणी राहिलं की गाभा कुजण्याची भीती असते, आणि फूल त्याच गाभ्यातून यायचं असतं.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. नव्या सालीत पहिले काही आठवडे पाणी टिकत नाही, तेव्हा जास्त वेळा घालावं लागतं. पुढे तीच साल कुजत जाते, मऊ पडते, जास्त ओल धरते, आणि तेच पाणी झाडाला जास्त व्हायला लागतं. लोक म्हणतात, ‘पूर्वीसारखंच घालतोय तरी मुळं का सडली?’ पूर्वीसारखं घातलं म्हणूनच. वर्ष-दीड वर्षाने मिश्रण बदलायला सांगतात ते याचसाठी, झाड कुंडीत मावत असलं तरी.

पानांची टोकं तपकिरी होत होती त्याचा संबंध मात्र पाण्याच्या प्रमाणाशी नव्हता, पाण्यातल्या क्षारांशी होता. आता आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरते. उकळून गार केलेलं पाणी इथे कामाचं नाही, बहुतेक क्षार तसेच राहतात. सॉफ्टनरचं (जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचं) तर अजिबात नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतंच, म्हणून हे दोन्ही असलेलं खत घेतलं. डबीवर लिहिलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा घालते आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढते. करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत, पण नवी पानं स्वच्छ येताहेत.

मिश्रणात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा घालायचा सल्लाही मिळेल. बेल्लाटुलम, निव्हिअम, कॉन्कलर या चुनखडीच्या डोंगरांवरच्या जाती आहेत, त्यांच्यासाठी तो ठीक. डेलेनाटी तशी नाही. माझ्या संकरिताला मी काही घातलं नाही. आणि फ्रॅग्मिपेडियम घेणाऱ्यांनी वरचा पाण्याचा भाग विसरून जावा. तेही स्लिपरच, पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. पेरूमध्ये सापडलेली आणि 1981 मध्ये नाव मिळालेली लालभडक बेसेई पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर वाढते. तिच्या कुंडीखालच्या बशीत बोटभर पाणी उभं ठेवणारे लोक आहेत आणि झाडं मजेत असतात. फक्त ते पाणी क्षारांचं नको, त्या बाबतीत ती पॅफपेक्षाही नाजूक.