सत्यवती ते आजी : आशालता वाबगावकर

आशालताबाईंवर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आमच्या पिढीने त्यांना बघितलं ते कायम कुणाची तरी आई, कुणाची तरी जाऊ, नाहीतर आजी म्हणूनच. हिंदी मराठी मिळून शंभरच्या वर सिनेमे केले असं म्हणतात, सिरीयल्स वेगळ्या, आणि तरी टीव्हीवर त्या दिसल्या की घरातलं कोणीतरी म्हणणार 'अरे ही ती आईवाली'. मला ते दरवेळी लागतं. कारण ही बाई मुळात गायिका-नायिका, तीन अंकी संगीत नाटक स्वतःच्या गळ्यावर तोलून धरणारी, आणि माझं तर ठाम मत आहे की पुढच्या चाळीस वर्षांत सिनेमातल्या छोट्या छोट्या रोलमध्ये जे दिसतं ना, ते सगळं त्या गाण्यातून आलेलं आहे.

त्या मूळच्या गोव्याच्या, जन्म १९४१चा. आमच्या वेंगुर्ल्यापासून गोवा म्हणजे तेरेखोलची खाडी ओलांडली की आलंच, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना त्या घरच्याच वाटायच्या. माझी आते अजून सांगते, 'अगो ती गोंयची! तिचा गाणा ऐकलंस तर बाकीचा सगळा विसारतलंस.'

सुरुवात झाली मुंबईत, द गोवा हिंदू असोसिएशनच्या नाटकांतून. ही संस्था १९१९ची, मुंबईतल्या गोवेकरांनी काढलेली, आणि तिच्या नाट्यशाखेने मराठी रंगभूमीला काय काय दिलंय ते बघितलं तर थक्क व्हायला होतं (नटसम्राटसुद्धा त्यांचंच). तिथे गोपीनाथ सावकारांच्या हाताखाली 'संशयकल्लोळ'मधली रेवती आशालताबाईंना मिळाली. रेवती म्हणजे नुसतं गोड दिसणं नाही हो, रुसवा, संशय, लाडिकपणा सगळं पदांमधून पोचवायचं असतं, गद्य आणि पद्य यांच्यामध्ये सांधा दिसला की रेवती पडली.

आणि मग १९६४ साली 'मत्स्यगंधा'. वसंत कानेटकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत. पराशर ऋषींच्या भूमिकेत रामदास कामत. बुवा मंगेशीचे, कामत साखळीचे, सत्यवती आशालताबाई, म्हणजे बघा अख्खा गोवाच उभा होता स्टेजवर. सत्यवती ही धीवराची पोर, नाव वल्हवणारी, अंगाला मासळीचा वास म्हणून मत्स्यगंधा. पराशर तिच्या आयुष्यात येतो आणि निघून जातो, मग ती जी पेटते ती हस्तिनापूरच्या राणीपदापर्यंत जाते आणि तिच्यापायी भीष्माचं आयुष्य जातं. अल्लड मुलगी, फसवली गेलेली बाई, सूडाने ताठ झालेली राणी आणि शेवटी सगळं हातातून गेलेली म्हातारी, हे सगळं एकाच नटीने एका रात्रीत करायचं आणि वर गायचंही. 'अर्थशून्य भासे' त्यांच्या आवाजात ऐका. खूप ताना नाहीत, दाखवेगिरी नाही, पण शब्द सोडताना जो श्वास आहे ना तो एका थकलेल्या बाईचा श्वास आहे. हे शिकवून येत नाही असं लोक म्हणतात, मला वाटतं येतं, पण त्यासाठी अभिषेकींसारखा माणूस समोर बसलेला लागतो आणि तालमीला महिनोनमहिने लागतात.

आमच्या किनाऱ्यावर हे नाटक जास्त भिडतं असं मला वाटतं, कारण बंदरावर मासळीच्या टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायका आम्ही रोज बघतो, वासावरून माणसाला लांब ठेवणं म्हणजे काय ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावच्या देवळासमोर मांडव घालून हौशी मंडळी संगीत नाटकं करतात ती परंपरा आमच्याकडे अजून टिकून आहे. नायिका बऱ्याचदा गोव्याहून बोलवतात, गाणारी हवी ना! ती दुपारी येते, एक तालीम करते आणि रात्री मेकअप करून उभी राहते. मी लहानपणापासून मांडवात पुढे बसून हे बघितलंय आणि म्हणून मला सत्यवती किती अवघड आहे ते माहीतेय. दुसऱ्या अंकापर्यंत भल्याभल्यांचा आवाज बसतो.

बरं, आता सिनेमा. बासू चॅटर्जींचा 'अपने पराये', १९८०. शरच्चंद्रांच्या कादंबरीवरचा, एकत्र कुटुंबाचा. अमोल पालेकर, शबाना आझमी, उत्पल दत्त, गिरीश कर्नाड असली सगळी माणसं, आणि त्यात घरातली थोरली सून सिद्धेश्वरी म्हणजे आपल्या आशालताबाई. प्रेमळ, पण कानाची हलकी. धाकट्या जावेवर जीव आहे आणि तरी मधलीचं ऐकून तिच्यावरच चिडते. ही मधली म्हणजे भारती आचरेकर, माणिक वर्मांची लेक, म्हणजे तीसुद्धा गाण्याच्या घरातली. या दोघींचे सीन नीट बघा. बोलण्याला लय आहे, कुठे थांबायचं ते दोघींना पक्कं माहीत आहे, आणि सिद्धेश्वरीचं मन बदलताना डायलॉग संपायच्या आधीच चेहरा बदललेला असतो. फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीसाठी नॉमिनेशन मिळालं त्यांना या रोलला. अवॉर्ड नाही मिळालं, पण माझ्यासाठी तो सिनेमा त्यांचाच.

मग 'उंबरठा' आला १९८२ला. सगळे स्मिता पाटीलबद्दल बोलतात आणि बोलायलाच हवं, पण तिची सुलभा घर सोडून महिलाश्रमात जाते तेव्हा मागे तिच्या मुलीला सांभाळणारी जी जाऊ आहे, त्या आशालताबाई. वाईट बाई नाही ती. मुलीला मनापासून लावून घेते आणि तेच सुलभाला सगळ्यात जास्त दुखतं. इथे जर कोणी जावेला खाष्ट केली असती तर पिक्चरचा अर्थच गेला असता, सुलभाला परत यायला जागाच राहिली नाही हे त्या जावेच्या चांगुलपणामुळे कळतं. आपण प्रेमाने वागायचं आणि त्या प्रेमाने समोरच्या मेन कॅरेक्टरची कोंडी करायची, सपोर्टिंग रोल म्हणजे हेच तर असतं, आणि ते किती कमी जणांना जमतं.

'अंकुश' १९८६चा. नायिकेची आजी. आजी! बाईंचं वय तेव्हा जेमतेम ४५. नायकांना ४५व्या वर्षी कॉलेजात पाठवतात आणि बायकांना केस पांढरे करून आजी करतात, याचा मला राग येतो आणि येतच राहणार. पण त्यांनी ती आजी पण मन लावून केली. 'इतनी शक्ती हमें देना दाता' ही शाळाशाळांत म्हटली जाणारी प्रार्थना त्याच सिनेमातली. ती गाणाऱ्या दोघींमधल्या एक पुष्पा पागधरे, सातपाटीच्या, म्हणजे याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाच्या. मला एकच गोष्ट खटकते, स्वतः एवढ्या चांगल्या गाणाऱ्या बाईला सिनेमाने किती कमी गाऊ दिलं.

कॅरेक्टर आर्टिस्टचं आयुष्य बाहेरून दिसतं तसं नसतं. सिरीयलमध्ये पर डे पैसे, जेवढे दिवस बोलवलं तेवढे, ट्रॅक संपला की फोन यायचा बंद. बारा तासांची शिफ्ट, त्यात आपला सीन कधी लागेल ते माहीत नाही, तोपर्यंत साडी नेसून मेकअप करून बसून राहायचं. आणि हे तरुणपणी नाही, सत्तरीत.

२०२०च्या सप्टेंबरमध्ये त्या 'आई माझी काळूबाई'च्या शूटिंगला साताऱ्याकडे होत्या. लॉकडाऊननंतर कामं नुकती कुठे सुरू झालेली. युनिटमधल्या बऱ्याच जणांना कोरोना झाला, त्यांनाही झाला, आणि २२ सप्टेंबरला साताऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. ७९ वर्षांच्या होत्या. सिरीयल सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी आते दिवसभर कुणाशी बोलली नाही. मला तेव्हापासून एवढंच वाटतं की त्या वयात, त्या काळात कामावर गेल्या त्याचं 'डेडिकेशन' म्हणून नुसतं कौतुक करून सोडून देऊ नये, म्हाताऱ्या कलाकारांची सेटवर काळजी कोण घेतं हा प्रश्नही विचारायला हवा.

त्यांचं एक पुस्तक आहे, 'गर्द सभोवती', नाव मत्स्यगंधामधल्या पदावरूनच. म्हणजे एवढे सिनेमे करूनसुद्धा पुस्तकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या नाटकाकडेच गेल्या. मिळालं तर जरूर वाचा.

आणि हो, आमच्या गावची मंडळी पुढच्या जत्रेला 'मत्स्यगंधा' बसवायचं म्हणतायत. सत्यवती करायला गोव्याची एक मुलगी तयार झालीय, गळा सुंदर आहे तिचा, पण ऑर्गनवर साथ करणारा अजून मिळत नाहीये. कुडाळ, सावंतवाडी, पेडणे या बाजूला कोणी जाणकार साथीदार असेल तर मला नक्की कळवा, तालमी शिमग्यानंतर लगेच सुरू करायच्या आहेत.