तुम्ही विचारलंत म्हणून : भरून नेलेल्या आवाजाचं पुढं काय होतं

“ताई, आमचा आवाज भरून न्हेता, त्याचं पुढं काय करता?” माण तालुक्यातल्या एका आजींनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला, तेव्हा मी रेकॉर्डर पिशवीत ठेवत होते आणि त्या जात्यावरचे पीठ कुंच्याने गोळा करत होत्या. पुढे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यासमोर येत राहिला. विद्यार्थी विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि ज्यांच्या ओसरीवर बसून मी तासन्‌तास ऐकते ती माणसे तर विचारतातच. मी मानवशास्त्राची अभ्यासक आहे आणि सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात बायकांची गाणी, सणवार आणि स्थलांतराच्या आठवणी यांचे ध्वनिमुद्रण व चित्रीकरण करते. त्या दिवशी मी आजींना “जपून ठेवते” एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, परंतु त्या प्रश्नाला पुरणारे उत्तरही नव्हते.

मुळात वही असताना आवाज भरून का घ्यायचा, तेथून सुरुवात करावी लागेल. सुरुवातीची काही वर्षे मी फक्त लिहून घेत असे, नंतर फक्त ध्वनिमुद्रण करू लागले. जात्यावरच्या ओव्यांच्या त्या ध्वनिमुद्रणांत मधूनमधून दोन-तीन क्षणांची शांतता येई, आणि ओळ आठवत नसल्यामुळे बाई थांबली असावी असे मी टिपणांत लिहून ठेवले होते. एके वर्षी एका लग्नघरी हळद दळण्याचा विधी चालू असताना मी पहिल्यांदा चित्रीकरण केले. घरी येऊन आवाज आणि चित्र एकत्र पाहिले, तेव्हा त्या शांततेचा अर्थ कळला. एक हात खुंट्यावर असे आणि दुसरा हात जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे दळायची मूठ, घालण्यासाठी वाकत असे. त्या मुठीपुरता स्वर थांबत होता आणि जात्याची घरघर पुन्हा एका लयीत आली की ओवी पुढे सरकत होती. म्हणजे मी ज्याला विसरणे म्हटले होते ते कामच होते. अनेक वर्षांची माझी टिपणे त्या एका चित्रफितीने चुकीची ठरवली, आणि मला ती सगळी दुरुस्त करावी लागली. आता घरोघरी दळण गिरणीवर नेतात आणि जाते लग्नकार्यापुरते कोपऱ्यातून बाहेर निघते. नुसती ओवी सांगा म्हटले तर बायकांना चार ओळींपुढे आठवत नाही, पण हात खुंट्यावर ठेवला की आठवते. हे कॅमेऱ्यावाचून मला कोणाला दाखवता आले नसते.

या बारकाव्यांसाठी मी एलान नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरते. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील माक्स प्लांक संस्थेत ते तयार झाले. त्यात एकाच काळरेषेखाली अनेक पट्ट्या लावता येतात. एका पट्टीवर ओवीचे शब्द, दुसरीवर हाताची हालचाल, तिसरीवर सोबत बसलेल्या बायकांचे बोलणे. एका तासाच्या चित्रीकरणासाठी माझा अख्खा आठवडा जातो, आणि तो गेला पाहिजे असेच मला वाटते.

आता ‘पुढं काय’ या भागाकडे वळते. आमच्या विद्याशाखेचा या बाबतीतला इतिहास फारसा समाधानकारक नाही. १८९८ मध्ये ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड कॉर्ट हॅडन यांची मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत गेली, तेव्हा तिने सोबत फोनोग्राफ हे आवाज भरून घेण्याचे यंत्र आणि चलच्चित्राचा कॅमेरा नेला होता. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात बाली बेटावर सुमारे २५,००० छायाचित्रे काढली. आपल्याकडे भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी गेल्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलींचे नमुने मुद्रित झाले. हे सारे काम मोलाचे आहे, त्यावर आम्ही शिकलो आहोत. परंतु ज्यांचे आवाज आणि चेहरे त्यात आहेत, त्यांच्या अंगणात त्यातले बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या परतले नाही.

अपवाद होते, आणि मला त्यांतला एक फार जवळचा वाटतो. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ ज्याँ रूश यांनी पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीवरच्या पाणघोड्यांच्या शिकारीचा चित्रपट केला आणि १९५० च्या दशकात तो त्याच शिकाऱ्यांना दाखवला. शिकारीच्या दृश्यावर त्यांनी तिथलेच पारंपरिक संगीत घातले होते. शिकाऱ्यांनी हरकत घेतली, कारण शिकारीच्या वेळी पूर्ण शांतता लागते आणि एवढा आवाज झाला तर पाणघोडा पळून जाईल. रूश यांनी ती हरकत मानली. ज्याचे चित्र आहे त्याला ते दाखवले की अभ्यासकाची चूक उघडी पडते, आणि ती तिथेच पडलेली बरी.

आपल्या मुलखातही दोन उदाहरणे आहेत. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांच्या ओव्या टेपवर मुद्रित केल्या. धनगरी ओवी एकट्याने गायची नसते. मागचे साथीदार ओळ उचलतात आणि गाऊन झालेला भाग गद्यात पुन्हा सांगितला जातो. हे सगळे हाताने टिपून घेणे कोणालाही शक्य नाही. सोन्थायमर १९९२ मध्ये वारले, परंतु त्या टेपमधल्या दोन दीर्घ कथा अमेरिकन अभ्यासक अॅन फेल्डहाऊस यांनी मराठी सहकाऱ्यांसह अनुवादित करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. दुसरे उदाहरण हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचे. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आज त्यांतल्या कित्येक ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावासह कोणालाही ऐकता येतात.

नावासह, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आमच्या शास्त्रात माहिती देणाऱ्याचे नाव बदलण्याची पद्धत आहे आणि लिखाणात ती चालते. आवाजात चालत नाही, कारण गावात दोन ओळी ऐकल्या की कोणीही सांगेल, ही अमक्याची थोरली सून. सासुरवासाच्या ओव्या गाणाऱ्या एका बाईंनी मला सांगितले होते की बायकांत लावा, पण आमच्या घरातल्या पुरुषमाणसांपुढे लावू नका. म्हणून आता प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी, रेकॉर्डर चालू असतानाच, मी विचारते की हे कोणी ऐकले तर चालेल. उत्तरही त्याच मुद्रणात राहते. कागदावर सही मागितली की माणसे बिचकतात, आणि ते रास्त आहे. या पट्ट्यात सहीचा कागद म्हणजे कर्ज नाहीतर जमीन. तोंडी दिलेला होकार नंतर मागे घेता येतो हेही मी सांगते, आणि तसा तो दोनदा मागे घेतला गेला आहे. त्या दोन्ही फाइली मी पुसून टाकल्या.

जपून ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मला सांगलीच्या महापुराने शिकवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेले. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी खालच्या खोलीत लोखंडी ट्रंकेत कॅसेटी होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही ट्रंक उघडली, तेव्हा गाळाने भरलेल्या डब्यांवरची गावांची नावेसुद्धा वाचता येत नव्हती. आम्ही दोघेही तिथेच चिखलात बराच वेळ बसून राहिलो. त्यानंतर मी प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती ठेवते : एक सांगलीत वरच्या मजल्यावर, एक साताऱ्यात बहिणीकडे आणि एक इंटरनेटवरच्या साठवणीत. मूळ ध्वनी मी दाबून लहान केलेल्या स्वरूपात ठेवत नाही, त्यामुळे तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. ती लागू दे.

त्याच पुराने आणखी एक गोष्ट शिकवली. लोकांनी आपापल्या गच्चीवरून मोबाइलवर चित्रीकरण केले होते आणि ते मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. तिथून आलेल्या चित्रफितीत ती केव्हा आणि कुठे काढली याची अंतर्गत नोंद उरत नाही. मग मी नकाशा पसरून त्या त्या माणसाजवळ बसले आणि एकेक चित्रफीत पुन्हा पाहत गेले. कोणत्या पायरीपर्यंत पाणी होते, होडी कोणत्या बोळातून आली, शेजारच्या म्हशी कोणी सोडल्या, हे ती पाहताना ते सांगत गेले. हरवलेली नोंद आठवणीतून भरून निघाली आणि जी कधी नोंदलीच गेली नव्हती ती माहितीही हाती आली.

परत नेऊन देण्याबाबतही मी चुकले आहे. पूर्वी मी गावात सीडी देत असे. एकदा पुन्हा गेले, तेव्हा ती सीडी ज्वारीच्या रानात पाखरे हाकण्यासाठी टांगलेली होती. घरात ती लावण्याचे यंत्रच नव्हते, आणि हे मी विचारले नव्हते. आता घरात जे असेल त्यात देते. बहुतेक वेळा नातवाच्या मोबाइलमध्ये.

त्या आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला दीड वर्षाने त्यांच्याच घरी मिळाले. त्यांच्या एका ओवीत मला ‘हवा’ हा शब्द ऐकू आला होता. आवाजावरून मजकूर लिहिणाऱ्या संगणकीय साधनानेही ‘हवा’च लिहिले होते. हे साधन बोलीवर प्रमाण मराठी चढवते, ‘हुतं’चे ‘होतं’ करते, म्हणून मी त्याच्यावर विसंबत नाही, पण इथे आम्हा दोघांचे एकमत झाल्याने मी निश्चिंत होते. आजींना त्यांचाच आवाज ऐकवला तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हवा न्हाई गं, अव्वा. माजी आई. आमच्या म्हायेराकडं जतला आईला अव्वा म्हणत्यात.” जत तालुका कर्नाटकाला लागून आहे आणि तिथल्या अनेक घरांत कानडी बोलली जाते. माझ्या नोंदपत्रकात ‘गाव’ असा एकच रकाना होता आणि मोबाइलने तिथे माणचे अक्षांश-रेखांश आपोआप भरले होते. ती ओवी तर जतची होती. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या सगळ्या ओव्या पुन्हा ऐकल्या. आजी एकेक ऐकून सांगत गेल्या : ही माहेरची, ही सासूकडून आलेली, ही पंढरीच्या वाटेवर ऐकलेली. आता माझ्या नोंदपत्रकात माहेर आणि सासर असे दोन रकाने आहेत, शिवाय ओवी कोणाकडून आली याचा तिसरा.

निघताना आजी म्हणाल्या, “मला आता प्रवास झेपत न्हाई. तू जा तिकडं, आन्‌ माज्या भावजयीला ऐकीव.” मी गेले. जतजवळच्या त्या घरात भावजय आणि शेजारच्या दोघी मोबाइलभोवती बसल्या. पहिली ओवी संपायच्या आत भावजयीने हात वर करून थांबवले. तिसरी ओळ आपल्याकडे तशी नाही म्हणाल्या, आणि स्वतः गाऊन दाखवली. तिच्यात भावाचे नाव वेगळे होते, आणि ‘अव्वा’ दोनदा येत होती. त्यांना विचारून मी तेही भरून घेतले. दोन्ही फाइली आता एकमेकींना जोडून ठेवल्या आहेत, आणि दुसरी आजींनी अजून ऐकलेली नाही. दसरा झाला की मी माणला जाणार आहे.