थेंब, भिंत आणि साडेदहा चौकोन

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी इन्फोग्राफिक्स शिकवते. आकडे चित्रांतून सांगण्याची पद्धत घडवणारे ऑटो नॉयराट यांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: संख्या वाढली म्हणून चिन्ह मोठं करायचं नाही, तेवढंच चिन्ह जास्त वेळा काढायचं. आकडेवारी सामान्य माणसाला कळावी म्हणून नॉयराट यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात एक संग्रहालयच उभं केलं होतं. परीक्षेत यावरचं उत्तर मुलं छान लिहितात. आणि पानासाठी ग्राफिक करा म्हटलं की एक छोटा थेंब, शेजारी एक मोठा थेंब.

म्हणून गेल्या पावसाळ्यात ठरवलं, कोयनेच्या पाणीसाठ्याचं ग्राफिक आधी वाचकासमोर ठेवायचं. पाटण तालुक्यातल्या एका शाळेने नववीचा वर्ग दिला. ५० टीएमसीला (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) एक थेंब होता आणि १०० टीएमसीला दुप्पट उंचीचा दुसरा. आकड्यांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि विचारलं, दुसऱ्यात किती पट पाणी?

"तिप्पट." "चौपट." दुप्पट कुणीच म्हणालं नाही.

कारण साधं आहे. उंचीबरोबर रुंदीही दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. त्यात क्षेत्रफळाचा अंदाज घेताना डोळा सहसा कमीच धरतो, म्हणून काहींना ते तिप्पट वाटलं. एकाच पट्टीवरची जागा आणि लांबी आपण क्षेत्रफळापेक्षा अचूक जोखतो, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांवरून मांडलं. माझ्या विद्यार्थ्यांनी तो निबंध वाचलेला होता. तरीही त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पण खाली आकडे लिहिलेत की."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग चित्र कशाला काढलं?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला.

मग फळ्यावर मुलांचीच चित्रं सुरू झाली. एकाने धरणाची भिंत काढली आणि पाणी निम्म्यावर आणून ठेवलं. भिंत ओळखीची, लांबी मोजायला सोपी, माझे विद्यार्थी खूश. तेवढ्यात दुसरा उठला. "मॅडम, खाली दरी निमुळती असती. वरच्या दहा फुटांत जेवढं पाणी मावतं, तेवढं तळाच्या दहा फुटांत कुठनं मावायचं?" अगदी बरोबर. भिंत निम्मी बुडाली म्हणजे धरण निम्मं भरलं असं होत नाही. फुटांतली पातळी आणि टीएमसीतला साठा सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि बातम्यांत दोन्ही आकडे खुशाल शेजारी छापले जातात. हे त्या मुलाला माहीत होतं, कारण उन्हाळ्यात उघडी पडलेली ती दरी त्याने पाहिली होती.

शेवटी आम्ही नॉयराटकडेच परतलो. एक चौकोन म्हणजे १० टीएमसी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ साडेदहा चौकोन. साठा आहे तेवढे भरायचे, उरलेल्यांची नुसती रेघ. पट्टी न काढताच मुलांनी साठा सांगितला.

परतताना गाडीत मी ऑटो यांच्या सहकारी आणि पत्नी मारी नॉयराट यांच्याबद्दल बोलले. आकडे जाणणारा तज्ज्ञ आणि चित्र काढणारा कलाकार यांच्या मधे त्या उभ्या असत. वाचकाला नेमकं काय दिसायला हवं, हे ठरवणं त्यांचं काम. १९५०च्या दशकात पश्चिम नायजेरियासाठी तक्ते करताना युरोपातली चित्रं तशीच न वापरता त्यांनी ती तिथल्या लोकांप्रमाणे बदलून घेतली. आपल्याकडे बातमीदार आकडे देतो, आर्टिस्ट सॉफ्टवेअर उघडतो आणि मधली खुर्ची रिकामीच राहते. माझ्या मते ती भरायला माणूस तयार करणं हेच आमच्या विभागाचं खरं काम आहे.

आता माझ्या वर्गात ग्राफिकसोबत तीन वाचकांची उत्तरं जोडल्याशिवाय गुण मिळत नाहीत. कोयनेचे चौकोन दोन कॉलमांत बसले, आतल्या कृष्णधवल पानावरही नीट वाचता आले. सध्या माझे विद्यार्थी उजनी धरणावर अडले आहेत. तिथे सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे तळाचं, टक्केवारीत न धरलेलं पाणी. पाणी त्याच्या खाली गेलं की बातमीत टक्केवारी उणे येते आणि धरणात पाणी तर असतंच. उणे चौकोन काढायचा कसा? तीन आराखडे तयार आहेत, ते घेऊन आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत जाणार आहोत.