फ्लुरोसीनची पट्टी: एकच थेंब पुरे
फ्लुरोसीन म्हणजे डोळ्यावरचं खरचटणं दाखवणारा चमकणारा रंग; त्याच्या कागदी पट्टीवर साधारण 1 मिलिग्रॅम रंग असतो. टोकावर निर्जंतुक सलाइनचा एक थेंब टाकून जास्तीचं पाणी झटकावं. रुग्णाला वर बघायला सांगून पट्टी खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला टेकवावी. बुबुळाला नाही, आणि कोरडी तर मुळीच नाही, नाहीतर पट्टीचाच ओरखडा चमकायचा! एक-दोनदा उघडझाप झाली की कोबाल्ट निळ्या उजेडात बघा. बुबुळावर खरचटलेला भाग हिरवागार दिसतो. रंग फार झाला तर चमक उलट मंदावते, शिवाय टोनोमीटरमध्ये (डोळ्याचा दाब मोजायच्या यंत्रात) रंगाची चमकती कडी जाड दिसून दाब जास्त मोजला जातो. सॉफ्ट लेन्स आधी काढायचीच, ती पिवळी पडते. पट्टीऐवजी उघडलेल्या बाटलीतलं फ्लुरोसीनचं द्रावण नकोच. त्यात स्यूडोमोनास जिवाणू मजेत वाढतो.